भरलेल्या पिकअपचा ब्रेक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ठाणे, तुर्भे, कळंबोली आणि पनवेल या पट्ट्यातील मालवाहतूकदारांची आहेत आणि विषय जवळजवळ एकच आहे, तो म्हणजे पिकअप गाडीचा ब्रेक. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तरे दिली आहेत, कारण बाकीच्या शंकांचे मूळ त्यांतच आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन पिकअप आहेत. चाकण आणि मंचरहून कांदा-बटाटा घेऊन आम्ही रात्री घाट उतरतो आणि पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोहोचतो. आता तिसरी गाडी घ्यायची आहे. माझ्या मुलाने मला अमेरिकेतील हेवी ड्यूटी पिकअपच्या ब्रेकची तुलना दाखवली. त्या गाड्यांच्या चारही चाकांना डिस्क आहेत, शिवाय धुराची वाट आवळून इंजिनानेच गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक आहे. आपल्या गाड्यांना मागे अजून ड्रमच का असतात? आणि दोन गाड्यांच्या ब्रेकची तुलना करायची झाली, तर नेमके काय पाहावे? (एक वाचक, तुर्भे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर समजले की पहिल्याचे आपोआप समजते.

अशा तुलनेत बहुधा एकच आकडा पुढे केला जातो : अमुक वेगाने जाणारी गाडी किती अंतरात थांबली. अमेरिकेत ही चाचणी ताशी ६० मैलांवरून, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरवरून घेण्याची पद्धत आहे आणि ती बहुतेक वेळा रिकाम्या गाडीवर घेतली जाते. या चाचणीतून ब्रेकविषयी जितके कळते, त्याहून अधिक टायरविषयी कळते. ब्रेक चाक जाम करण्याइतका जोर लावू शकत असेल, तर त्यापुढे गाडी किती लवकर थांबेल हे टायर आणि रस्ता यांच्यातील पकड ठरवते. म्हणूनच मोठ्या डिस्क असलेली हेवी ड्यूटी गाडी रिकामी असताना तिच्याच कंपनीच्या हलक्या पिकअपपेक्षा उशिरा थांबताना दिसते. जड माल पेलण्यासाठी तिचे टायर कडक आणि जास्त हवेचे असतात, आणि मागचा भाग रिकामा असल्याने मागच्या चाकांना रस्ता पुरेसा धरता येत नाही. तो आकडा पाहून तिचा ब्रेक कमकुवत आहे, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल.

मालाच्या गाडीचा ब्रेक एका थांब्यावर जोखायचा नसतो. घाट उतरताना तो सलग वीस मिनिटे किती उष्णता झेलतो आणि हवेत सोडतो, हे पाहायचे असते. थोडा हिशेब मांडतो. मालासह ३,००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असेल, तर तिला थांबवताना सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरते. त्यात सव्वा लिटरहून थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. वेग ताशी ८० असेल, तर हीच ऊर्जा ७४१ किलोज्यूल होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आता तीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरते असे धरू. हा उतार उंचीने साधारण ५५० मीटरचा आहे. एवढ्या उंचीवरून ३,००० किलो खाली आणताना सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाण्याच्या भाषेत बोलायचे, तर ही पन्नास लिटर पाणी उकळवण्याची उष्णता आहे. घाट वीस-एकवीस मिनिटांत उतरला, तर घरातले दोन किलोवॅटचे सहा-सात गिझर तेवढा वेळ सलग चालू ठेवल्यासारखे होते. वारा, टायर आणि इंजिन त्यातला काही वाटा उचलतात. उरलेला सगळा भार पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रम यांच्यावर येतो.

आता डिस्क आणि ड्रम यांतला खरा फरक सांगतो. ड्रम बंद डब्यासारखा असतो. आतले शू, म्हणजे लायनर नावाचा घासणारा थर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, बाहेरच्या बाजूला फाकून ड्रमला घासतात. उष्णता आतच कोंडते, ओतीव लोखंडाचा ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागते. त्याच वेळी लायनर फार तापल्यामुळे त्याची पकडही उतरते. डिस्क उघड्यावर असते. ती तापून फुगली तरी दोन्ही बाजूंनी तिला आवळणाऱ्या पॅडच्या दिशेनेच फुगते, आणि मधून हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असेल तर लवकर निवते. पावसात भिजली तरी दोन-तीनदा ब्रेक लावताच कोरडी होते. ड्रममध्ये पाणी शिरले की ते निघायला वेळ लागतो, हे साचलेल्या पाण्यातून गाडी काढलेल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

असे असूनही ड्रम टिकून आहे, आणि त्याला केवळ काटकसर कारणीभूत नाही. ड्रमच्या आतला पुढचा शू चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःच ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात जास्त जोर मिळतो. हँडब्रेक त्यातच सहज बसतो आणि चढावर भरलेली गाडी घट्ट धरतो. कच्च्या रस्त्यावरची माती आणि खडी आत सहसा जात नाही. ओझे नसताना मागच्या चाकांना फारसे काम नसतेच. हा विचार अमेरिकेतही झाला आहे. फोर्डच्या सुपर ड्यूटी गाड्यांना १९९९ पासून चारही चाकांना डिस्क आल्या आणि शेवरोलेच्या सिल्व्हराडो एचडीला २००१ पासून. त्याच शेवरोलेने आपल्या हलक्या सिल्व्हराडो १५०० ला मात्र आधी मागे डिस्क देऊन नंतर काही वर्षे पुन्हा ड्रम बसवले होते. म्हणजे मागे डिस्क की ड्रम हा प्रश्न गाडी किती वजन, किती वेगाने आणि किती उतारावर नेणार आहे यावर ठरतो.

त्या गाड्यांचे वजनही लक्षात घ्यावे. अमेरिकेत हेवी ड्यूटी म्हणतात त्या पिकअपचे मालासह कमाल वजन साधारण ३,८५० ते ६,३५० किलोच्या दरम्यान असते आणि मागे कित्येक टनांचा ट्रेलर वेगळा. आपल्याकडे बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या वर्गातल्या गाड्या साधारण ३,५०० किलोच्या आसपास किंवा त्याहून हलक्या आहेत आणि त्यांची मांडणी साधारणतः पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच असते. तिकडच्या डिस्कचा व्यास सुमारे १४ इंच असतो. आपल्या गाडीचे चाकच १५ किंवा १६ इंची असल्यामुळे तेवढी डिस्क त्यात मावणार नाही. शिवाय तिकडच्या ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि चालकाजवळच्या कंट्रोलरने ते गाडीच्या ब्रेकबरोबर लागतात. अशा तुलनेच्या चित्रफितींमध्ये मोठा ट्रेलर झपकन थांबताना दिसतो, त्यातला मोठा वाटा ट्रेलरच्या ब्रेकचा असतो.

माझ्या मते त्या तुलनेतून आपण डिस्कपेक्षा एक्झॉस्ट ब्रेककडे अधिक लक्ष द्यायला हवे. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची झडप मिटते आणि इंजिन गाडीला मागे खेचते. साध्या डिझेल इंजिनात तशी झडप नसते, त्यामुळे त्याचे स्वतःचे इंजिन-ब्रेकिंग त्या मानाने दुबळे असते. यावर उपाय म्हणून धुराची वाट आवळतात, म्हणजे इंजिनाला स्वतःचाच धूर रेटावा लागतो आणि चाकांना ओढ बसते. रॅम पिकअपच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात २००७ पासून टर्बोमधली धुराची वाट आवळूनच हे काम होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आयझेनहॉवर बोगद्याखाली महामार्गाला ७ टक्के उतार आहे. तिथे ट्रेलर लावून या गाड्या उतरवतात, तेव्हा चालकाला ब्रेक किती वेळा दाबावा लागला हे मोजतात. तुलना करायची ही पद्धत मला थांबण्याच्या अंतरापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. इंजिनाला ब्रेक बनवण्याच्या कल्पनेमागे कमिन्स इंजिनाचे जनक क्लेसी कमिन्स यांचा स्वतःचा अनुभव होता. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले आणि रेल्वे फाटकावर ते आगगाडीच्या धडकेतून थोडक्यात वाचले. त्यांनी तयार केलेला इंजिन ब्रेक १९६१ मध्ये जेकब्स कंपनीने बाजारात आणला.

आपल्या नव्या गाडीसाठी माझा सल्ला असा आहे. शोरूममधून रिकामी गाडी फिरवून ब्रेक चांगला की वाईट हे ठरवू नका. आरसी पुस्तकावर येणारे एकूण वजन किती, पुढची डिस्क हवेशीर म्हणजे दुहेरी पात्याची आहे का, एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का, मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलण्याची सोय कोणती आहे आणि मागचे शू आपोआप ताणले जातात की गॅरेजमध्ये ताणावे लागतात, हे लेखी माहितीपत्रकातून पाहा. इंजिन किती लिटरचे आहे तेही पाहा. टर्बोमुळे लहान इंजिन चढावर भरपूर ताकद देते, पण एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर उतारावर टर्बो आपल्या कामाचा नसतो, तिथे इंजिनाचा आकारच कामाला येतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम म्हणूनच आजच्या गाड्यांना अपुरा पडतो. भरलेली गाडी चढली त्याहून एक गिअर खाली घालूनच उतरावी. दोन गाड्या सगळ्या बाबतींत सारख्या असतील आणि एकीला एबीएस असेल, तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी.

प्रश्न : माझी पिकअप रिकामी असताना पावसात ब्रेक दाबला की मागची चाके जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. गायमुखच्या उतारावर दोनदा असे झाले. उलट भरलेली असताना ब्रेक पूर्वीसारखा धरत नाही. मेकॅनिकने लायनर, पॅड सगळे नवे टाकले, तरी फरक नाही. मागच्या वर्षी पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवून घेतले, एवढाच बदल केला आहे. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या वाक्यातच बहुधा दोषाचे निम्मे मूळ आहे.

पिकअपचे मागचे चाक रिकामे असताना हलके असते आणि माल भरला की गाडीच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून बराच अधिक भार त्याच्यावर येतो. एवढा फरक कारमध्ये कधीच पडत नाही. मागच्या ब्रेकला कायम सारखाच दाब दिला, तर रिकामी गाडी घसरेल किंवा भरलेली गाडी थांबणार नाही. यासाठी चासीखाली, मागच्या ॲक्सलच्या जवळ एक झडप बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला एलएसपीव्ही म्हणतात. तिच्यापासून निघालेली दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, चासी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर कमी होते, दांडी वर ढकलली जाते आणि झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब जाऊ देते. गाडी रिकामी झाली की चासी वर उठते आणि झडप दाब आवळते. या झडपेला वजन कळत नाही, तिला फक्त ते अंतर कळते.

आता पाटे वाढवले की काय होते ते पाहा. मालाने पाटे दबू नयेत म्हणूनच आपण ते वाढवतो. दीड टन माल भरूनही चासी पूर्वीइतकी खाली बसत नाही, म्हणून झडपेला गाडी अर्धी रिकामीच वाटते आणि मागच्या ब्रेकला ती कमी दाब सोडते. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, त्या तापतात, पॅड लवकर संपतात आणि गाडी लांबवर जाऊन थांबते. आपण लिहिलेले भरलेल्या गाडीचे लक्षण हेच आहे.

मग रिकामी असताना मागची चाके का जाम होतात, असा प्रश्न उरतो. पाटे वाढवल्याने रिकामी गाडी मागून आणखी उंच उभी राहते, त्यामुळे झडपेने दाब आणखी आवळायला हवा होता. तसे घडत नसेल, तर कोणीतरी दांडी बांधून ठेवली आहे किंवा झडप एका जागी अडकली आहे, अशी माझी शंका आहे. असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. कापूरबावडीजवळच्या एका गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा झडपेच्या दांडीवर बोटभर जाड वाळलेला चिखल बसला होता आणि दांडी वरच्या बाजूला बाइंडिंग वायरने चासीला आवळलेली होती. भरलेली गाडी धरत नाही अशी मालकाची तक्रार होती, म्हणून आधीच्या कोणा कारागिराने तिला कायमची वर बांधून टाकली होती. मागच्या ब्रेकला त्यामुळे थोडा दाब वाढला, आणि रिकाम्या गाडीची मागची चाके पहिल्याच सरीत जाम होऊ लागली. वायर कापली तेव्हा दांडी जागची हललीसुद्धा नाही, झडपेचा आतला दट्ट्या गंजून बसला होता. त्या मालकानेही दोन वेळा लायनर बदलले होते.

म्हणून लायनरवर आणखी पैसे घालू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन ही झडप सुटी हलते का ते तपासून घ्या. वाढवलेले पाटे काढून मूळचे ठेवा आणि मगच कंपनीच्या मापाप्रमाणे दांडीचे अंतर जुळवून घ्या. वाढवलेल्या पाट्यांवर दांडीचे माप अंदाजाने जुळवणारे कारागीर भेटतील, पण त्यांच्याकडे दोन्ही टोकांचा दाब मोजण्याचे गेज नसेल तर ते काम करून घेऊ नका. ज्या गाड्यांत एबीएसबरोबर ईबीडी असते, त्यांत हे दाबाचे वाटप चाकांच्या वेगावरून संगणक ठरवतो, त्यामुळे पाट्यांच्या फेरफाराने तो सहसा फसत नाही. तरीही गाडीवर आरसीतल्या वजनापेक्षा पाव भाग जास्त माल चढवला, तर ब्रेकला जिरवायची ऊर्जाही साधारण पाव भागाने वाढते, हा हिशेब कुठल्याही संगणकाला बदलता येत नाही.

आपली गाडी दुरुस्त होईपर्यंत पावसात रिकामी चालवूच नका, असे मी कळकळीने सांगतो. पुढची चाके जाम झाली तर गाडी सरळ जाते, मागची जाम झाली तर ती गरकन फिरते आणि चालकाच्या हातात काही उरत नाही.

प्रश्न : खंडाळ्याचा घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल एकदम तळाला गेले. तीन-चार वेळा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने सगळे नेहमीसारखे. गॅरेजवाल्याला गळती कुठेच सापडली नाही. (एक वाचक, कामोठे)

उत्तर : आपण वाचलात याचा फार आनंद वाटतो. गळती नसताना पेडल तळाला जाणे आणि गार झाल्यावर सगळे ठीक होणे, ही ब्रेक ऑइल उकळल्याची खूण आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो.

नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते, की ठाण्या-पनवेलच्या गाडीचे ऑइल या बाबतीत सुकाळ भोगते असेच म्हणावे लागेल. पाण्याने त्याचा उकळबिंदू किती घसरतो ते पाहा. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपाशी १४० अंश गाठणे मुळीच कठीण नाही.

आपले सगळे ऑइल काढून नवे भरून घ्या आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्या. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली आहे तीच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल अगदी वेगळे आहे, नाव सारखे वाटले तरी ते कधीही यात मिसळू नये. कंपनीने सांगितलेली मुदत पाळा. पुस्तिका हरवली असेल तर निदान दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि ते पावसाळा संपल्यावर बदललेले अधिक चांगले. सील न फोडलेला डबाच घ्या. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्धा उघडा पडलेल्या डब्यातले ऑइल स्वस्तात मिळाले तरी नको. पुढच्या वेळी घाटात ब्रेक अधूनमधून ठाम दाबून वेग पुरेसा उतरवा आणि पूर्ण सोडून द्या, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. हलका पाय सतत टेकवून ठेवणे सर्वांत घातक.

प्रश्न : नव्या गाडीला एबीएस आहे. जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि खडखड आवाज येतो. कारखान्याच्या आवारात खडी पसरलेली आहे, तिथे तर गाडी उलट लांब जाते. दोष समजावा का? (एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : दोष नाही. चाक जाम होऊ लागले की एबीएस त्याचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो आणि पुन्हा देतो, तोच ठोका पायाला जाणवतो. घाबरून पाय उचलू नका आणि पूर्वीसारखे पंपही मारू नका, पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि स्टिअरिंग फिरवून अडथळा चुकवा. चाक फिरत राहिल्यामुळेच ते वळवता येते. खडीवर किंवा सैल मातीवर जाम झालेले चाक समोर मातीचा ढीग गोळा करून लवकर थांबते, एबीएस ते होऊ देत नाही, म्हणून तिथे अंतर वाढते. आवारात वेगच कमी ठेवावा. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर एबीएस बंद आहे आणि साधा ब्रेक चालू आहे असे समजावे. त्याच्याबरोबर लाल दिवाही पेटला, तर गाडी पुढे नेऊ नये.

प्रश्न : आमचे जुने चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करतात, कधी इंजिनही बंद करतात. त्यांना कसे समजवावे? (एक वाचक, कळंबोली)

उत्तर : त्यांना सपाट, मोकळ्या जागेत उभ्या गाडीवर हा प्रयोग करायला सांगा. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा. दर वेळी पेडल अधिक कडक होत जाईल आणि शेवटी दगडासारखे होईल. मग पाय पेडलवर तसाच दाबून इंजिन चालू करावे, पेडल स्वतःहून थोडे खाली जाईल. पायाला मदत करणारा बूस्टर निर्वातावर चालतो, आणि डिझेल इंजिनात तो निर्वात तयार करायला इंजिनावर फिरणारा वेगळा पंप असतो. इंजिन थांबले की पंप थांबतो आणि बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकांपुरताच साठा राहतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. अमेरिकेतल्या अनेक हेवी ड्यूटी डिझेल पिकअपमध्ये बूस्टर निर्वाताऐवजी पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या दाबावर चालतो, तिथेही इंजिन बंद म्हणजे मदत बंद हेच खरे.

डिझेल वाचते हा समज मात्र चुकीचा आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, की उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. चालकाचा स्वभाव बदलायचा असेल, तर हा डिझेलचा हिशेब धोक्याच्या भीतीपेक्षा लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मागचे ड्रम काढून बाहेरून डिस्क बसवून देणारे एक गॅरेज मिळाले आहे. करून घ्यावे का? (एक वाचक, उलवे)

उत्तर : करू नये. पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि वजनानुसार दाब बदलणारी झडप हे सर्व ड्रमच्या मापाने ठरवलेले असते. डिस्कला वेगळा दाब आणि वेगळ्या प्रमाणात ऑइल लागते, आणि हँडब्रेकची सोय नव्याने करावी लागते. एवढे सगळे जुळवून चाचणी घेण्याची यंत्रणा रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नसते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो. त्याच पैशात कंपनीचे ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर नवे बसवावेत आणि टायर चांगले घ्यावेत.

प्रश्न : घाट उतरल्यावर खोपोलीला काही चालक तापलेल्या चाकांवर बादलीने पाणी मारतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : नाही. ओतीव लोखंड तापलेले असताना त्यावर एकदम गार पाणी पडले, की ते असमान आकसते आणि त्याला तडे जातात. अशा गाडीचा ड्रम उघडला, तर आतल्या घासलेल्या पृष्ठभागावर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते. लायनर काचेसारखा गुळगुळीत होऊन चकाकत असतो. तो लायनर पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरण्यापेक्षा बदललेला बरा, आणि भेगा खोल असतील तर ड्रमही.

जळल्याचा वास आला किंवा चाकाजवळ धूर दिसला, तर गाडी सपाट जागी कडेला घेऊन निदान अर्धा तास तशीच निवू द्यावी. या वेळी हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण फुगलेला ड्रम निवताना शूवर आवळत जातो आणि नंतर सोडवताना त्रास होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ओंडका लावावा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या पार कडेला टाकावा. तो तसाच राहिला, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात दिसत नाही.